काउंटरवरची गर्दी, ‘फार्मा फंड’ आणि फॉर्ममधला एक ‘नाही’

मिरजेतून एका मेडिकलवाल्या वाचकाचं पत्र आलंय. वय ४९, दुकान स्वतःचं, घरी बायको आणि बारावीतली मुलगी. पत्र मोठं आहे, कामाचा भाग असा:

“सर, मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे शुगर आणि वजनाचं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा माझ्याकडे महिन्याला एखादी व्हायल जायची. पेन आल्यापासून नुसती झुंबड आहे, गेल्या महिन्यात २१ पेन विकली, त्यासाठी वेगळा फ्रिज घेतला. घरात लग्न ठरलं की लोक चिठ्ठीशिवाय विचारायला येतात. आता मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाईड या तशाच दुसऱ्या औषधाचं पेटंट संपतंय, स्वस्त इंजेक्शनं आली की खप कुठल्या कुठे जाईल. पतसंस्थेतली ८ लाखांची एफडी सुटतेय. बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतात त्यांच्या फार्मा फंडात एकरकमी टाका, पाच वर्षांत दुप्पट, वर १० लाखांचा विमा फुकट. माहितीपत्रक आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो जोडलाय. मी स्वतः ऑगस्टपासून मौंजारोच घेतोय, तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.१ वरून ६.८ वर आली, नऊ किलो वजन उतरलं, त्यामुळे औषधात दम आहे हे मला कुणी सांगायला नको. दुकानातूनच घेतो त्यामुळे त्याचा वेगळा खर्च नाही. आठही लाख फंडात टाकू, की चार फंडात आणि चार शेअरमध्ये?”

नाही. आठही नाही आणि चार-चारही नाही. एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्ही फॉर्मचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. त्यात मला जे दिसलं ते आठ लाखांपेक्षा मोठं आहे. तिकडे येतोच, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाहीये.

मागणी खरी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मौंजारो हे रुपयांच्या हिशोबात देशात सगळ्यात जास्त विकलं गेलेलं औषध ठरलं, महिन्याला शंभर कोटींच्या आसपास, ऑगमेंटिन या अँटिबायोटिकसारख्या जुन्या खेळाडूला मागे टाकून, तेही बाजारात येऊन सात महिने झालेले असताना. पण ‘रुपयांच्या हिशोबात’ हे शब्द गाळू नका. ऑगमेंटिनची पट्टी दोनेकशे रुपयांची आणि पाच एमजीचं पेन सोळा हजारांच्या घरातलं. शंभर कोटी भागिले सोळा हजार, म्हणजे झाली साठ-पासष्ट हजार माणसं. देशात डायबेटिस असलेले दहा कोटींच्या वर, हा आयसीएमआरच्या २०२३ च्या अभ्यासातला आकडा. म्हणजे हजारात एक माणूससुद्धा नाही. तुमच्या काउंटरवर जी झुंबड दिसते ती महिन्याला सोळा हजार मोजू शकणाऱ्यांची आहे, आणि मिरजेत दवाखानेच इतके आहेत की अख्ख्या जिल्ह्यातले आणि कर्नाटकातले तसे लोक तुमच्याच गल्लीत येतात.

तुम्ही म्हणाल, तेच तर, अजून नऊशे नव्याण्णव बाकी आहेत! थांबा. मी तुम्हाला मेलवर एक उलट प्रश्न विचारला होता, की सप्टेंबरपर्यंत ज्यांनी तुमच्याकडून पहिलं पेन नेलं त्यातले किती अजून नेतायत, बिलं बघून सांगा. तुम्ही प्रामाणिकपणे मोजून पाठवलंत: चौदातले आठ. सहा गळाले. दोघांना उलट्या सहन झाल्या नाहीत, तिघांना खर्च झेपला नाही आणि एक लग्न झाल्यावर परत आलाच नाही. हे आहे खरं पाणी. नवीन औषध आलं की पहिले काही महिने सगळे नवीनच असतात, रोज नवा चेहरा, त्यामुळे दुकानदाराला वाटतं वाढतंच चाललंय. धंदा उभा राहतो तो सातव्या-आठव्या पेनाला परत येणाऱ्यावर. आणि हो, चिठ्ठीशिवाय एकालाही देऊ नका, लायसन्सपेक्षा वीस टक्के मार्जिन मोठं नाही.

आता ‘स्वस्त झालं की खप वाढेल’. वाढेलच की. पण खप कुणाचा आणि नफा कुणाचा हे तुमच्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? मौंजारो आलं त्याच मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट संपलं. साठ रुपयांची गोळी काही आठवड्यांत दहा रुपयांच्या आत आली, तुमच्या रॅकवर किती कंपन्यांची एम्पा येऊन बसली ते मोजा. पेशंटचं भलं झालं, शंभर टक्के झालं. पण त्यातल्या कुठल्या एका कंपनीचा शेअर नुसत्या एम्पामुळे दुप्पट झाला असं मला तरी दिसलेलं नाही. डझनभर कंपन्या एकाच ताटात जेवायला बसल्या की प्रत्येकाच्या वाट्याला घासभरच येतो. सेमाग्लुटाईडचं तेच होणार, आणि ओरिजिनलवाले काही झोपलेले नाहीत, नोवो नॉर्डिस्कने नोव्हेंबर २०२५ मध्येच आपल्या सेमाग्लुटाईडच्या वेगोवी ब्रँडची किंमत ३७ टक्क्यांपर्यंत खाली आणली आणि डिसेंबरमध्ये त्याचाच दुसरा ब्रँड ओझेम्पिक आठवड्याला २,२०० रुपयांपासून आणलं. तेव्हा जेनेरिक आलेलंसुद्धा नव्हतं.

आणि नोवोचंच उदाहरण घ्या ना. वजन आणि शुगरच्या इंजेक्शनांचं वेड जगभर पसरवणारी कंपनी. २०२४ च्या मध्याला शेअर हजार क्रोनरच्या (डेन्मार्कचं चलन) आसपास होता, २०२५ संपताना साधारण एक तृतीयांश. २९ जुलै २०२५ ला तर एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त पडला, का, तर विक्री आम्ही सांगितली होती तेवढी वेगाने वाढणार नाही असं कंपनीने सांगितलं. कमी होणार नाही, वाढणारच, फक्त कमी वेगाने! त्याच काळात तिची प्रतिस्पर्धी, मौंजारोवाली लिली, नोव्हेंबर २०२५ मध्ये एक लाख कोटी डॉलरची कंपनी झाली. आजार तोच, मागणी तीच, एक शेअर बुडाला आणि एक आकाशाला. दोन्हीपैकी एकही आपल्या बाजारात लिस्टेड नाही. इथे आपल्याला मिळणार काय, तर मौंजारोचाच दुसरा ब्रँड विकणारी सिप्ला, नोवोशी करार केलेली पुण्याची एमक्युअर, जेनेरिक आणणाऱ्या डॉ. रेड्डीज, सन वगैरे मंडळी, ज्यांचा धंदा पसरलेला आहे शेकडो औषधांवर आणि अर्ध्या जगात. पेटंट मार्चमध्ये संपणार ही बातमी काही तुम्हाला औषध कंपनीच्या एमआरने परवा सांगितली म्हणून नवी नाही, बाजाराला ती कित्येक वर्षं माहीत आहे. काउंटरवरून तुम्हाला औषध दिसतं, शेअरची किंमत दिसत नाही.

आता तो ‘फार्मा फंड’.

माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलंत का? युलिप आहे तो. म्युच्युअल फंड नाही, विमा पॉलिसी आहे. पाच वर्षं पैसे अडकणार. दहा लाखांचा विमा फुकट म्हणतात, तर हिशोब करा, तुम्ही गेलात तर घरच्यांना मिळणार दहा लाख, त्यातले आठ तुमचेच. म्हणजे विमा झाला दोन लाखांचा. दोन लाखांच्या विम्याने बारावीतल्या मुलीचं एक वर्षसुद्धा निघणार नाही, आणि तोही फुकट नाहीच, दर महिन्याला तुमच्या युनिटमधून त्याचे पैसे कापले जाणार, वय ४९ चं धरून. आठ लाखांच्या प्रीमियमला दहा लाखांचं कव्हर, त्यामुळे शेवटी मिळणारी रक्कम टॅक्स-फ्री पण नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ पंधरा टक्के, सगळे चार्जेस जाऊन, एकाच सेक्टरमध्ये. लेखी द्या म्हणावं. देणार नाहीत. एकरकमी प्रीमियमवर बँकेला कमिशन मिळतं आणि मार्च जवळ आला की आरएमला टार्गेट दिसतं, तुमचं भलं नाही. पतसंस्थेतून पैसे काढताय ते मात्र चांगलं, तिथल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं संरक्षण नसतं, ते परत तिथे ठेवू नका.

तर इथपर्यंत तुमचा प्रश्न संपला. आता फॉर्म.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत आरोग्याच्या प्रश्नांचं पान आहे. आरएमनी आधीच भरून ठेवलंय, तुमची फक्त सही बाकी. ‘मधुमेह आहे का?’ समोर ‘नाही’. ‘गेल्या वर्षभरात नियमित औषध?’ समोर ‘नाही’. आणि हे पान ज्या मेलला जोडलंय त्याच मेलमध्ये तुम्ही लिहिताय की ऑगस्टपासून दर आठवड्याला इंजेक्शन घेतोय. म्हणून मी विचारलं की घरच्या मेडिक्लेममध्ये डायबेटिस लिहिलाय का. तुमचं उत्तर वाचून मी कपाळाला हात लावला. शुगर २०१९ पासून, तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू, मेडिक्लेम जून २०२२ मध्ये घेतला, दहा लाखांचा, तिघांचा एकत्र, आणि एजंट म्हणाला “लिहिलं तर प्रीमियम वाढेल, नुसती गोळी तर आहे, पाच वर्षं झाली की कुणी विचारत नाही.” तुम्ही सही केलीत. पावणेचार वर्षं होत आली, वर्षाला ३०-३१ हजार भरताय. म्हणजे लाखाच्या वर रुपये भरून तुमच्या हातात एक कागद आहे जो ऐनवेळी चालेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

कसं होतं सांगतो. उद्या देव न करो छातीत दुखलं, ॲडमिट झालात. रेसिडेंट डॉक्टर पहिलं वाक्य काय लिहितो? शुगर किती वर्षांपासून, कोणती औषधं चालू. बायको घाबरलेली असते, ती खरं तेच सांगणार, सात वर्षं झाली, आता ते इंजेक्शन चालू आहे. झालं, केसपेपरवर आलं. टीपीए (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारे) तोच कागद मागतो, मग विचारतो पहिल्या निदानाची चिठ्ठी दाखवा. २०१९ आणि पॉलिसी २०२२. कॅशलेस नामंजूर. माझ्याकडे इचलकरंजीचं एक कुटुंब असंच आलं होतं, बायपासचे साडेचार लाख, क्लेम एका जुन्या लॅब रिपोर्टवर अडकला, शेवटी बायकोचे दागिने गहाण ठेवून डिस्चार्ज घेतला. एजंट तेव्हा फोन उचलत नव्हता.

एजंटचं पाच वर्षांचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. सलग ६० महिने झाले की लपवलं होतं असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, हा नियम आहे. पण फसवणूक सिद्ध झाली तर ती सूट नाही. एखादा शेतकरी म्हणू शकतो की मला फॉर्ममधलं कळलं नाही हो, एजंटने भरला. तुम्ही केमिस्ट आहात! डायबेटिस म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ६० महिने पुरे व्हायला जून २०२७ उजाडेल, अजून सव्वा वर्ष आहे, तोवर हृदय, किडनी, डोळे यांनी तुमच्या तारखेची वाट बघायची का? त्यात फ्लोटर, म्हणजे तिघांची पॉलिसी एकच, त्यामुळे पॉलिसी रद्द झाली तर बायको आणि मुलगी पण उघड्यावर, ज्यांना काहीही आजार नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

तर करायचं असं. या आठवड्यात बायको आणि मुलगी यांची वेगळी पॉलिसी घ्या, दोघींची दहा लाखांची. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवर जीएसटी नाही, त्यामुळे जमेल. ती हातात आली की त्याच दिवशी जुन्या कंपनीला स्वतःच्या मेलवरून कळवा: २०१९ पासून मधुमेह, आधी मेटफॉर्मिन, ऑगस्ट २०२५ पासून टिर्झेपाटाईड (मौंजारोतलं औषध), रिपोर्ट सोबत. एजंटमार्फत नाही, स्वतः. कंपनी काय करेल? प्रीमियम वाढवेल, किंवा डायबेटिस आणि त्यातून येणाऱ्या आजारांना नव्याने वेटिंग पीरियड (तेवढा काळ त्या आजारांचा क्लेम नाही) लावेल, वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी बंद करेल. तिसरी शक्यता आहे, ती लपवत नाही. म्हणून त्याच आठवड्यात डायबेटिस असलेल्यांसाठीच्या दोन प्लॅनना खरं खरं लिहून अर्ज टाका. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षांचं वेटिंग असतं, काही प्लॅनमध्ये त्याहून बरंच कमी.

आणि ही गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही: खरं सांगायला याच्यापेक्षा चांगली वेळ तुम्हाला मिळणार नाही. ऑगस्टमध्ये ९.१ वर अर्ज केला असता तर कदाचित तोंडावर नाही म्हणाले असते. आज ६.८ आहे, वजन नऊ किलो कमी, सहा महिन्यांचे रिपोर्ट सरळ रेषेत खाली येतायत. जे तुम्ही लपवताय तेच तुमचं आत्ताचं सगळ्यात मजबूत कागदपत्र आहे. टर्म इन्शुरन्सचंही तेच, ५०-७५ लाखांचा घ्या, लोडिंग (आजारामुळे वाढीव प्रीमियम) लागेल, लागू दे.

आता ‘दुकानातूनच घेतो त्यामुळे वेगळा खर्च नाही’. अहो, किराणावाल्याच्या घरी साखर फुकट असते का? तुम्हाला खरेदी दराने पेन साडेतेरा हजारांना पडतं, ते फ्रिजमधून घरी गेलं की तेवढा माल विकायचा राहिला. वर्षाला एक लाख साठ हजार. डॉक्टरांनी पुढे डोस वाढवला तर दोन लाखांच्या वर. घरी वापरलेल्या मालाचं जीएसटी क्रेडिट पण घेता येत नाही, सीएला विचारा त्याने ते उलटं केलंय का, माझा अंदाज आहे त्याला माहीतच नाही. या खर्चाची टॅक्समध्ये तुमच्या वयाला सूट नाही, आणि मेडिक्लेम दवाखान्यात भरती झाल्यावरचं देतो, दर आठवड्याचं पेन नाही. औषध घ्यावं की नाही, डोस किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी त्यात बोलणार नाही, पण बंद केल्यावर वजन बऱ्याच जणांचं परत येतं हे अभ्यासातही दिसलंय, त्यामुळे हा खर्च एका वर्षाचा आहे असं समजून चालू नका. टिर्झेपाटाईडचं पेटंट २०३६ पर्यंत आहे. सेमाग्लुटाईड स्वस्त झाल्यावर त्यावर जाता येईल का ते डॉक्टरांना विचारा, जमलं तर हा आकडा निम्म्याच्या खाली येऊ शकतो, पण जमेल असं धरून आज हिशोब करायचा नाही.

म्हणजे जे आठ लाख तुम्ही या औषधाच्या मागणीवर लावायला निघालात ते तुमच्याच पाच वर्षांच्या औषधाचे पैसे आहेत. गर्दी बघताय खरे, पण त्या रांगेत तुम्ही पण उभे आहात, आणि युलिपचं पाच वर्षांचं कुलूप नेमकं त्याच पाच वर्षांना लागणार.

आठ लाखांचं माझं वाटप सांगतो, मागेपुढे पंचवीस हजार झाले तरी चालेल. चार लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला, फक्त तुमच्या दवाखान्यासाठी, तुमचं कव्हर पक्कं होऊन वेटिंग संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. एक लाख साठ हजार वेगळ्या सेव्हिंग खात्यात, त्यातून दर महिन्याला पेनाचे पैसे दुकानाला बिल करून द्यायचे, म्हणजे खर्च डोळ्याला दिसेल, आणि पुढच्या वर्षीपासून तेवढे दर महिन्याला नफ्यातून बाजूला काढायचे. सत्तर हजार नव्या पॉलिसी आणि टर्मचे पहिले हप्ते. सव्वा लाख मुलीच्या जूनमधल्या ॲडमिशनला, त्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाहीत, बारावी आहे ना तिची? राहिले पंचेचाळीस हजार. अगदीच हात शिवशिवत असतील तर त्याचा साधा इंडेक्स फंड घ्या. फार्माच हवं असेल तर फार्मा इंडेक्स फंड, पण मग रोज एनएव्ही (फंडाच्या युनिटचा भाव) बघायची नाही.

आरएमनी शनिवारपर्यंत फॉर्म मागितलाय म्हणालात. सही न करता परत द्या. त्याआधी ते आरोग्याचं पान, त्यांच्या अक्षरातले दोन्ही ‘नाही’ दिसतील असं, नीट उजेडात परत एकदा फोटो काढून ठेवा, पहिला फोटो हललाय.